शांत चेहऱ्यांची चूक

परवा आईबरोबर एका जुन्या अमेरिकन कार्यक्रमाचे भाग पाहत होतो. एबीसी वाहिनीवर २००८ साली सुरू झालेला ‘व्हॉट वुड यू डू?’. दुकानात किंवा हॉटेलात छुपे कॅमेरे लावायचे, नटांनी भर लोकांत अन्यायाचा एखादा प्रसंग उभा करायचा आणि खऱ्या गिऱ्हाइकांपैकी कोण तोंड उघडतं ते टिपायचं. शेवटी सूत्रसंचालक जॉन किन्योनेस समोर येऊन खरा प्रकार सांगतात. त्यातला टेक्सासमधल्या बेकरीचा भाग लागला. हिजाब घातलेली मुलगी काउंटरपाशी येते आणि विक्रेता झालेला नट तिला माल द्यायला नकार देतो. १३ गिऱ्हाइकं तिच्या बाजूने बोलली, ६ जणांनी विक्रेत्याची पाठ थोपटली, २२ जण गप्प राहिले.

“बघ, माणुसकी उरलीच नाही,” आई म्हणाली. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. मला मात्र ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायचं तर थोडं गणित करावं लागेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. टीव्हीवरचा प्रसंग म्हणजे प्रयोग नव्हे. त्या २२ जणांपैकी एखादा दुकानात एकटाच असता तर बोलला असता का, हे कार्यक्रमातून कळत नाही. ती तुलना १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये केली.

एका विद्यार्थ्याला छोट्या खोलीत एकट्याला बसवलं. कानाला हेडफोन, समोर माइक. बाकीचे विद्यार्थी शेजारच्या खोल्यांत आहेत आणि सगळ्यांनी आळीपाळीने कॉलेजच्या अडचणींबद्दल बोलायचं आहे, असं त्याला सांगितलं. प्रत्यक्षात बाकीचे आवाज टेपवरचे होते. त्यातला एक आवाज आपल्याला फिट येते असं सुरुवातीलाच सांगतो. पुढे त्याची बोलायची पाळी येते तेव्हा तो अडखळतो, घुसमटतो, मदत मागतो. आपल्याशिवाय दुसरं कुणी ऐकत नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी बाहेर धावले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तेव्हा ६२ टक्के. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. सोबती वाढले की माणूस थंड पडतो, हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणून जाऊन बसला.

आता हेच आकडे फिट आलेल्या मुलाच्या बाजूने पाहू. मदतीला कोण येतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कुणीतरी एक आला म्हणजे झालं. ऐकणारे दोघे असतील आणि प्रत्येक जण धावण्याची शक्यता ६२ टक्के असेल, तर एक जण न येण्याची शक्यता ०.३८, आणि दोघंही न येण्याची ०.३८ गुणिले ०.३८, म्हणजे सुमारे ०.१४. याचा अर्थ कुणीतरी येण्याची शक्यता ८६ टक्के. ऐकणारे पाच असतील तर ०.६९ चा पाच वेळा गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे ०.१६. म्हणजे कुणीतरी येण्याची शक्यता ८४ टक्के.

८५, ८६, ८४. पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो. प्रयोगातले गट लहान होते, १३ ते २६ जणांचे, त्यामुळे आकडे इतके जुळून यावेत यात योगायोगही असेल. पण दिशा स्पष्ट आहे. जबाबदारी वाटली गेली, तरी पाचांची मिळून ती जवळपास तेवढीच राहिली.

मात्र हा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा प्रत्येक जण आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतो. फिटच्या प्रयोगात कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. याच दोघांच्या दुसऱ्या प्रयोगात तो दिसत होता, आणि सगळं उलटं झालं.

तरुण मंडळी खोलीत बसून प्रश्नावली भरताहेत, आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागतो. खोलीत एकटा असेल तर ७५ टक्के जण उठून कळवतात. आपल्या हिशोबाने तिघांच्या गटात कुणीतरी उठण्याची शक्यता ९८ टक्के यायला हवी. प्रत्यक्षात फक्त ३८ टक्के गटांतून कुणी उठलं. आणि मुद्दाम शांत बसायला सांगितलेले दोन नट शेजारी होते, तेव्हा १० जणांपैकी एकच उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत होते आणि प्रश्नावली भरत होते!

असं का होतं? हा धूर आगीचा की वाफेचा, हे कुणालाच नक्की माहीत नसतं. म्हणून प्रत्येक जण गुपचूप दुसऱ्याकडे बघतो. आपण घाबरलेलो दिसू नये म्हणून स्वतःचा चेहरा तेवढा शांत ठेवतो. त्याचा शांत चेहरा पाहून शेजारचा ठरवतो की काही विशेष नाही, आणि शेजाऱ्याचा चेहरा पाहून तोही तेच ठरवतो. प्रत्येकाच्या पोटात गोळा असतो आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्या एकट्याच्याच पोटात आहे.

हे खरं असेल, तर प्रसंग उघडउघड धोक्याचा असताना गर्दीने गप्प बसता कामा नये. तसंच आढळलं आहे. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९१ टक्के भांडणांत किमान एक बघ्या मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. ‘कलियुग आलं’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी मोठ्याने वाचावा. अपघातग्रस्ताभोवती जमलेल्या गर्दीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो, पण १०८ ला फोन करणाऱ्याचा व्हिडिओ सहसा कुणी काढत नाही.

या सगळ्या संशोधनाला निमित्त झाली होती एक बातमी. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी अर्धा तास बघत राहिले आणि कुणी हललं नाही, असं दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रात छापून आलं. पुढे संशोधकांनी न्यायालयाची कागदपत्रं तपासली तेव्हा या ३८ जणांना आधार सापडला नाही. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला जिन्याखाली झाला होता, तिथलं बहुतेकांना दिसणंच शक्य नव्हतं. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवून लावलं होतं. आणि कळल्याबरोबर एक शेजारीण, हल्लेखोर अजून तिथेच आहे की गेला हे माहीत नसताना, धावत खाली गेली आणि किटीला मिठीत धरून बसली. तिचं हे धावत जाणं त्या बातमीत नव्हतं.