शिंग म्हणावं, तर आत हाडच नाही

बेंदराच्या आधी बैलाची शिंगं तासताना पातं जरा खोल गेलं, की रक्त येतं. वरचं टरफल नखाच्या जातीचं असलं, तरी आत कवटीतून वाढलेलं जिवंत हाड असतं. मोठ्या जनावरात हे हाड पोकळ होऊन कपाळाच्या पोकळीला जोडलेलं असतं. म्हणून बुडाशी मोडलेलं शिंग चिघळलं, तर पू नाकावाटे उतरतो. म्हशीचं आणि खानापूरच्या रानातल्या गव्याचंही तसंच.

एकशिंगी गेंड्याचं मात्र वेगळं. त्याच्या नाकाच्या हाडावर फक्त एक खरखरीत उंचवटा असतो. त्यावरची त्वचा केराटिनच्या, म्हणजे नखाच्याच पदार्थाच्या, बारीक नळ्यांचे थर चढवत जाते, आणि त्याच पदार्थाने त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. 'शिंग म्हणजे केसांचा जुडगा' हे अर्धंच खरं, कारण या नळ्यांना केसासारखं मूळ नसतं. आफ्रिकेतल्या पांढऱ्या गेंड्याच्या शिंगांचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा मधोमध कॅल्शियम आणि मेलॅनिन (काळा रंग देणारं द्रव्य) जास्त आढळलं. त्यामुळे गाभा टणक, कडा मऊ. कडा उन्हाने आणि घासून झिजतात, गाभा टिकतो. टोक येतं ते असं. बुडाची त्वचा शाबूत असेल, तर मोडलेलं शिंग पुन्हा वाढतं. शिकाऱ्याला मात्र बुडासकट सगळं हवं असतं, म्हणून तो नाकाच्या हाडापर्यंत तोडतो आणि जनावर मरतं. गंमत म्हणजे, झुंजीत आपला एकशिंगी गेंडा शिंगापेक्षा खालच्या जबड्यातले सुळ्यांसारखे दात जास्त वापरतो.

गेंड्याच्या शिंगाच्या ज्या भुकटीने ताप उतरतो म्हणतात, ती म्हणजे खूर आणि नखं ज्या केराटिनची, तेच. त्यासाठी पैसे मोजणं म्हणजे शुद्ध फसवणूक विकत घेणं. आसाम सरकारने 22 सप्टेंबर 2021 रोजी बोकाखातला 2,479 शिंगं जाळली, ते योग्यच केलं.

गेंडा आपल्याला परका नाही. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ घटप्रभेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मावरून भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1874 मध्ये गेंड्याची एक नामशेष जात नोंदवली. नाव ठेवलं 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस'.

आज एकट्या काझीरंगात 2,613 गेंडे आहेत (2022 ची गणना). एवढे एकाच जागी असणं धोक्याचं आहे, म्हणून काही आसाममधल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात हलवले. मादी सुमारे सोळा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. ब्रह्मपुत्रेला पूर आला की जनावरं महामार्ग ओलांडून कार्बी टेकड्यांकडे चढतात. म्हणून पावसाळ्यात त्या रस्त्यावर वाहनांच्या वेगाला मर्यादा घालतात.