विकसित देशांतील माध्यमिक पटनोंदणी

प्राथमिक शिक्षण संपल्यावर, साधारण बारा ते अठरा वर्षे वयातली किती मुलेमुली शाळेच्या पटावर आहेत, याचे मोजमाप म्हणजे माध्यमिक पटनोंदणी. १९०० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत हे शिक्षण थोड्या घरांपुरते होते. आज तिथे ते जवळपास सर्वांना मिळते. मात्र केवळ सुबत्ता आली म्हणून हे घडले नाही. जवळ शाळा, फी माफ आणि प्रवेशाची चाळणी सैल, हे जिथे आधी जुळून आले तिथे वर्ग आधी भरले.

सुरुवात अमेरिकेने केली. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ मध्ये कॅलामझू गावच्या खटल्यात हायस्कुलासाठी कर बसवणे वैध ठरवले. तरीही १९१० मध्ये अठरा वर्षांच्या शंभर मुलांमागे जेमतेम ९ जण हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण वाढून शंभरात सुमारे ५० झाले. या तीस वर्षांना ‘हायस्कूल चळवळ’ म्हणतात. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे. पुढे होती ती कारखान्यांची शहरे नव्हेत, तर आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस ही शेतीची राज्ये. तिथे श्रीमंत-गरीब अंतर कमी होते. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी स्वतःवर कर लावून घेतला आणि शेजाऱ्याच्या मुलांसाठीही शाळा उभारली. कचेऱ्यांना हिशेब आणि टंकलेखन येणारी माणसे हवी होती, त्यामुळे शिकण्याचा मोबदला डोळ्यांसमोर दिसत होता. सक्तीच्या कायद्यांचा या वाढीतला वाटा फारच थोडा निघाला. १९३० नंतरच्या मंदीत नोकऱ्याच उरल्या नाहीत, तेव्हा आणखी मुले वर्गात टिकली. दक्षिणेत मात्र कृष्णवर्णीय मुलांसाठी अनेक काउंट्यांत (जिल्ह्यांसारख्या भागांत) सार्वजनिक हायस्कूलच नव्हते. त्यांना वगळून ही यशोगाथा सांगणे अन्यायाचे होईल.

युरोपात चाळणी जास्त काळ टिकली. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि शाळा सोडण्याचे किमान वय १९४७ मध्ये १५, तर १९७२ मध्ये १६ झाले. पण अकराव्या वर्षीची एक परीक्षा ग्रामर स्कूलची (निवडक मुलांच्या पुस्तकी शिक्षणाच्या शाळांची) मुले आणि बाकीची मुले यांच्या वाटा वेगळ्या करत असे. फ्रान्सने बॅकलोरिया ही माध्यमिक शिक्षणाच्या शेवटची परीक्षा १८०८ मध्ये सुरू केली, तरी मुलींच्या सरकारी शाळांना मुलांसारखाच अभ्यासक्रम मिळायला १९२४ उजाडले. १९८५ मध्ये तिथे ८० टक्के मुले त्या पातळीपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठरले आणि व्यावसायिक बॅकलोरियाही सुरू झाली.

फार वेगवान बदल जपानमध्ये दिसतो. १९४७ मध्ये तिथे सहा-तीन-तीन वर्षांची रचना आली: प्राथमिक, कनिष्ठ माध्यमिक आणि हायस्कूल. सक्ती पहिल्या नऊ वर्षांपुरतीच, आजही. १९५० मध्ये नववी संपवून पुढे जाणारी मुले ४२.५ टक्के होती, १९७४ मध्ये ९० टक्क्यांहून जास्त. मधल्या काळात दर वसंतात आओमोरीसारख्या ईशान्येच्या प्रांतांतून खास रेल्वेगाड्या तोक्योच्या उएनो स्थानकात येत. त्यांतून पंधरा वर्षांची मुलेमुली दुकानांत आणि कारखान्यांत कामाला लागायला उतरत. मालक त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. अशी शेवटची गाडी १९७५ मध्ये धावली. तोवर त्या वयाची बहुतेक मुले हायस्कुलात होती.

आकडे वाचताना जपून. एकूण नोंदणी दरात पटावरच्या सर्वांना, वय काहीही असो, ठरावीक वयोगटाच्या लोकसंख्येने भागतात. त्यामुळे प्रौढही व्यावसायिक वर्गांना बसतात अशा फिनलंड, बेल्जियममध्ये हा दर १०० च्या बराच वर जातो. निव्वळ दरात फक्त त्या वयाचीच मुले धरतात. शिवाय पटावर नाव असणे वेगळे आणि शेवटच्या वर्षापर्यंत टिकणे वेगळे. गळती मोजायची तर शाळा पूर्ण करणाऱ्यांचाच आकडा पाहावा लागतो.

दर वर गेला तरी मुलांची संख्या घटू शकते. जपानी हायस्कुलांत १९८९ मध्ये सुमारे ५६ लाख विद्यार्थी होते. आता ते ३० लाखांच्या आत आले आहेत, कारण जन्मच कमी झाले. शिमाने प्रांतातल्या आमा या बेटावरच्या गावातले हायस्कूल बंद पडायच्या बेतात होते. ते टिकावे म्हणून बेटवासीयांनी दूरच्या शहरांतल्या मुलांना वसतिगृहात राहून शिकायला बोलावले. मुले आली आणि शाळा अजून चालू आहे.