खुलासा: ‘देशमुख’ म्हटलं की जात कळते?

‘आडनाव सांगा, जात सांगतो’ असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. देशमुख आडनावापाशी त्यांचा हिशेब साफ कोलमडतो.

देशमुखी हे वतन होतं, म्हणजे राजसत्तेने दिलेला हुद्दा आणि त्याचे हक्क. देशमुख परगण्याचा (म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाचा) वतनदार, देशपांडे तिथला हिशेबनीस; गावपातळीवर तीच जोडी पाटील-कुलकर्ण्यांची. वतन पिढीजात, म्हणून हुद्दाच घराण्याला चिकटला आणि मूळ आडनाव मागे पडलं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन ब्राह्मण. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू. विलासराव देशमुख मराठा. मराठवाड्यात मुसलमान देशमुखही आहेत. सांगा आता, जात कुठली?

पाटलांचंही तेच. रायगड-ठाण्यात आगरी-कोळी पाटील, कोल्हापूर-सांगलीकडे मराठा, जैन, लिंगायत पाटील. एकाच आडनावाची ही घराणी एकमेकांची भाऊबंद नाहीत, कुळं वेगळी. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने रद्द झाली. आडनावं तेवढी उरली. तरी भाड्याने घर देताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून माणूस जोखला जातो, याची मला मनापासून चीड येते. निदान जोखणाऱ्यांनी इतिहास तरी नीट वाचावा.