चिंचोके कुठल्या वाटीत?

रविवारची जेवणं आटोपून बेळगावात मावशीच्या टिळकवाडीतल्या घरी आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो होतो. रजनीशांच्या अमेरिकेतल्या वसाहतीवरची ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही सहा भागांची माहितीपट मालिका २०१८ मध्ये आली, तेव्हा ती बघायची मावशीची छाती झाली नव्हती. तरुणपणी ती पुण्याला कोरेगाव पार्कात दोन शिबिरं करून आलेली. लाकडी मण्यांची माळ अजून कपाटात, शालीच्या घडीत आहे. काका निवृत्त बँकवाले आणि पक्के विवेकवादी. कन्नड विचारवंत कलबुर्गी सरांना ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात त्यांच्या घरीच गोळ्या घातल्या, त्या दिवसापासून धर्म आणि बुवाबाजी या विषयावर काका थट्टासुद्धा खपवून घेत नाहीत.

शेवटचा भाग संपला. मावशी म्हणाली, “किती खोटं दाखवूलेत बघ. ध्यानाबद्दल एक शब्द न्हाई, नुसत्या बंदुका आन् गाड्या.”

काका उसळले. “खोटं? अगं, धुऊन पुसून सोवळं करून सोडलंय त्यांना! लोकांच्या अन्नात जंतू कालवले, आणि वर त्यांच्या मुलाखतींना ते संगीत!”

दोघांनी पाहिलं ते एकच. एकीला ती बदनामी वाटली, दुसऱ्याला जाहिरात. मला मात्र उकळ्या फुटत होत्या, कारण मानसशास्त्रातला माझा सगळ्यांत लाडका परिणाम समोर सोफ्यावर बसून भांडत होता. मी त्याला ‘वैरी पडदा’ म्हणतो.

त्याची गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठातली. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झालं, आणि त्यात इस्रायलचा दोष किती यावर वाद पेटला. अमेरिकी वाहिन्यांनी त्याच्या ज्या बातम्या दिल्या, त्यांतले तुकडे व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघा संशोधकांनी १४४ विद्यार्थ्यांना दाखवले. विद्यार्थ्यांतले काही इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या, बाकीचे अधलेमधले. १९८५ मध्ये निष्कर्ष छापून आले. इस्रायलवाले म्हणत होते, बातम्या इस्रायलविरोधी आहेत. अरबवाले म्हणत होते, इस्रायलधार्जिण्या आहेत. तटस्थ माणूस हे बघून उलट बाजूला झुकेल, अशी धास्ती दोन्हीकडे होती. आणि ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. शिकल्या-सवरल्या माणसाला असं होत नाही, हा आपला गैरसमज. जाणकाराला काय गाळलंय हे ठाऊक असतं, म्हणून त्याची तक्रार लांबलचक असते.

आता खरी गंमत. याच रॉस आणि लेपर यांनी चार्ल्स लॉर्डबरोबर १९७९ मध्ये नेमकी उलटी गोष्ट दाखवली होती. फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक यांना त्यांनी दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीच्या बाजूचा, एक विरुद्ध. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला, दुसरा कच्चा, आणि संमिश्र पुरावा वाचूनही जो तो आपल्या मताकडेच आणखी सरकला. म्हणजे पुरावा समोर आला की माणूस तो आपल्याकडे ओढतो. मग टीव्ही बघताना सगळंच आपल्यावर उठल्यासारखं का वाटतं?

याचा एक धागा १९५७ पर्यंत मागे जातो. ओक्लाहोमात दारूबंदीवर मतदान झालं, त्या निमित्ताने हॉवलँड, हार्वे आणि शेरीफ यांनी बंदीवाले आणि पिणारे या दोघांना तेच निवेदन ऐकवलं. निष्कर्ष असा: आपल्या मनात त्या विषयाचा एक खुंटा असतो. खुंट्याच्या जवळचं मत आहे त्याहून जवळ भासतं, लांबचं आहे त्याहून लांब. पहिल्याला सामावणं म्हणा, दुसऱ्याला दूर सारणं. खुंटा जितका खोल, तितका ‘हे मला मान्यच नाही’ असा पट्टा रुंद होतो, आणि मधोमध उभं असलेलं निवेदनसुद्धा त्या पट्ट्यात जाऊन पडतं. डोकं गरगरलं असेल तर ऐन जुलैत बेळगावात या. विजापूरहून आलेला म्हणतो, काय हा पाऊस! आंबोलीहून आलेला म्हणतो, इथे तर कोरडंच आहे की. पर्जन्यमापकात पाणी तेवढंच.

पण खुंट्याने अर्धंच कोडं सुटतं. आठवणीत फरक पडतो, की मोजणीत, की निकषात? म्हणजे मावशीला फक्त वाईट प्रसंगच लक्षात राहतात का? की प्रसंग दोघांनाही तेच आठवतात, पण ती त्यांना वेगळ्या खात्यात टाकते? की चांगलं-वाईट दोन्ही मान्य करून ‘चांगलं दाखवायचीच गरज नव्हती’ असं काका म्हणतात? जनुक बदललेल्या अन्नाचे कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक घेऊन श्मिट, गुंथर आणि लीबहार्ट यांनी २००४ मध्ये या तिन्ही शक्यता तपासल्या. वैरी पडद्याचा उलगडा झाला तो मधल्या शक्यतेने, खात्याने. तोच मजकूर, तेच वाक्य, पण जो तो ते विरोधी खात्यात जमा करतो.

हे वाचलेलं डोक्यात होतं म्हणून मी स्वयंपाकघरातून चिंचोके आणले. दोघांपुढे दोन-दोन वाट्या ठेवल्या, एक बाजूची, एक विरुद्धची. दहा मिनिटांचा तुकडा पुन्हा लावला. रजनीशांची रोल्स-रॉइस सावकाश निघालीय आणि रस्त्याच्या दुतर्फा लाल-भगव्या कपड्यांतली माणसं हात जोडून उभी, असं दृश्य त्यात होतं. मावशीने चिंचोका विरुद्धच्या वाटीत टाकला: भक्तांना येडं दाखवलं. काकांनीही विरुद्धच्या वाटीत टाकला, टण्णकन: भक्ती गोंडस करून दाखवली. दहा मिनिटांनी दोघांच्याही बाजूच्या वाटीचा तळ दिसत होता. दोन माणसांच्या खेळाला विज्ञान म्हणत नाहीत हे मला कळतं. दोघं पुढे चार दिवस एकमेकांशी नीट बोलत नव्हती, हेही नोंदवतो.

उरलेलं अर्धं कोडं गुंथर आणि श्मिट यांनी सोडवलं. त्यांनी एकच मजकूर काहींना वर्तमानपत्रातला लेख म्हणून दिला, काहींना एका विद्यार्थ्याचा निबंध म्हणून. लेख म्हणून वाचणाऱ्यांना तो वैरी वाटला. निबंध म्हणून वाचणाऱ्यांच्या बाबतीत ते वैर मावळलं. म्हणजे राग येतो तो मजकुराच्या पल्ल्याचा: हे लाखो लोक बघणार, आणि ते आपल्यासारखे जाणकार नाहीत! १९७९ च्या प्रयोगातला अभ्यास ज्याने त्याने स्वतःपुरता वाचला होता. टीव्ही आपण शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी बघतो. ‘आता भिशीतल्या बायका काय म्हणतील?’ असंही मावशी म्हणाली होती. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

इथे एक पळवाट बंद करतो. दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे माहितीपट बरोब्बर मधोमध आहे, हे तर्कट पत्रकारांना फार प्रिय. ते चूक आहे. दोघं चिडणं हा खुंट्यांचा गुण, त्यावरून पडद्यावरचं खरं-खोटं ठरत नाही. १९८४ मध्ये ऑरेगनमधल्या द डॅल्स गावात उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला गेला आणि ७५१ जण आजारी पडले. पुढे रजनीशांच्या सचिव शीला यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. मावशीचा खुंटा कुठेही असो, रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत जंतू सापडले होते. तसंच आमच्याकडच्या अंगाऱ्याचं. त्याने ताप उतरत नाही, भक्तांना कार्यक्रम आवडो न आवडो. कर्नाटकात २०१७ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला हे चांगलंच झालं. पण छुप्या कॅमेऱ्याने बाबाचं बिंग फोडलं की भक्तांचे डोळे उघडतात, ही चळवळीतल्या माझ्या मित्रांची आशा भाबडी आहे. भक्त कॅमेऱ्याचे चिंचोके मोजत बसतात. आणि ‘टीव्हीने ब्रेनवॉश होतं’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की मग त्या सोफ्यावर दोघं एकाच बाजूला का नाही धुऊन निघाली?

बेळगावकरांना खरं तर स्टॅनफर्डला जायची गरज नाही. आमच्या केबलवर मराठी आणि कानडी वृत्तवाहिन्या शेजारी शेजारी लागतात. १ नोव्हेंबरला आमची काळ्या दिनाची फेरी असते, आणि त्याच दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची मिरवणूक. माझ्याबरोबर वीस वर्षं शिकवलेले एक कानडी सर आहेत. एकाच वाहिनीची बातमी बघून ते मला म्हणाले, “नोडरी, तुमच्या लोकांना किती वेळ दिला!” मला वाटत होतं, आम्हाला कोपऱ्यात दहा सेकंदांत गुंडाळलं.

परवा ते घरी आले तेव्हा मी वाट्या काढल्या आणि फोनवर ती जुनी बातमी लावली. अर्धी झाली असेल, गर्दीचं उंचावरून घेतलेलं दृश्य आलं. सरांनी चिंचोका बोटांत फिरवला आणि विचारलं, “हे कुठल्या वाटीत?”

मी माझा केव्हाच टाकला होता.