पाणी मुरल्यानंतरची फरशी-दुरुस्ती सदोष निघाल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार कशी करावी

घरातील गळतीमुळे खराब झालेली फरशी पैसे मोजून दुरुस्त करून घेतल्यावर ती पुन्हा फुगली, लाद्या पोकळ वाजू लागल्या किंवा सांध्यांतून ओल वर आली, तर असे काम ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते. त्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कामाचा मोबदला दिलेली किंवा देण्याचे कबूल केलेली व्यक्ती, तसेच तिच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्ती तक्रारीस पात्र असते. विनामूल्य किंवा व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेसाठी हा मार्ग नाही. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत दाखल करावी लागते, त्यामुळे कंत्राटदार ‘लवकरच करून देतो’ म्हणत राहिला तरी ही मुदत थांबली आहे असे धरून चालू नये.

बहुतेक तक्रारी कमकुवत होतात त्या पुराव्याअभावी. त्रासलेले घरमालक दुसऱ्या कारागिराकडून फरशी उखडून घेतात आणि मूळ दोष दाखवणारी वस्तूच नाहीशी होते. म्हणून काहीही तोडण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी, पोकळ वाजणाऱ्या लाद्यांवर खुणा कराव्यात, सरळ पट्टी ठेवून उंचसखलपणा मोजावा आणि स्थापत्य अभियंत्याकडून ओलाव्याच्या मोजणीसह लेखी अहवाल घ्यावा. कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) पुरेसा वाळण्याआधीच लाकडी किंवा व्हिनाइल आवरण बसवणे हे फरशी फुगण्याचे नेहमीचे कारण असते. अनुकूल हवेतही कोबा दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाळतो, त्यामुळे 50 मिलिमीटर जाडीच्या थराला सुमारे 50 दिवस लागतात, हे अहवालात नमूद करून घेतलेले बरे. सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा, म्हणजे कंत्राटदाराचा) नेहमीचा बचाव ‘गळती नव्याने झाली’ असा असल्याने मूळ गळती बंद झाल्याचा प्लंबरचा लेखी दाखलाही तितकाच महत्त्वाचा आहे.

अर्जासोबत अंदाजपत्रक किंवा करार, देयके व पैसे दिल्याचा पुरावा, झालेला पत्रव्यवहार, कंत्राटदाराला पाठवलेली नोटीस व तिची पोच, अभियंत्याचा अहवाल, दुरुस्तीच्या नव्या खर्चाचा अंदाज, ओळखपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. व्हॉट्सअॅपवरील संभाषण द्यायचे असल्यास भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र लागते.

दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील आयोगाकडेही ती करता येते, ही या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तडजोडीचा प्रयत्न करून पाहता येतो. मागणीत दोष दूर करणे किंवा रक्कम परत मिळणे, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च हे स्वतंत्रपणे लिहावे.

तक्रार दाखल करून घेण्याबाबत आयोगाने सर्वसाधारणपणे 21 दिवसांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. त्यानंतर सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि आयोगाने मान्य केल्यास जास्तीत जास्त आणखी 15 दिवस मिळतात. निकाल अमान्य असल्यास आदेशाच्या तारखेपासून 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.