बुशमिल्स २१ : एका घोटामागची तीन पिंपं

आयरिश सिंगल माल्टचं, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोडाच्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीचं टेस्टिंग म्हटलं की २१ वर्षं मुरलेल्या बुशमिल्स २१ चं नाव निघतंच, आणि ग्लास नाकाशी नेला की कोणी मनुका म्हणतं, कोणी टॉफी, कोणी डार्क चॉकलेट. ते सगळं आहेच त्यात, पण ते आलं कुठून हे माहीत असेल तर चव जास्त उलगडते असं माझं ठाम मत आहे, म्हणून ही मागची हकीकत.

बुशमिल्स हे गाव उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम काउंटीत, जायंट्स कॉजवेच्या शेजारी. बाटलीवर १६०८ लिहिलेलं असतं, कारण त्या साली राजा पहिला जेम्स याने सर थॉमस फिलिप्सला त्या भागात दारू गाळायचा परवाना दिला, पण कंपनी म्हणून नोंद १७८४ ची, हा फरक लक्षात ठेवा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १७८५ ला, सरकारने माल्टवर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर कर लावला आणि आयर्लंडमधले बरेच जण कर वाचवायला मोड न आणलेली बार्ली मिसळायला लागले, त्यातूनच डब्लिन-कॉर्कची ती प्रसिद्ध पॉट स्टिल व्हिस्की वाढली. बुशमिल्सने मात्र पुढे माल्टच धरून ठेवला, त्यावर तीनदा डिस्टिलेशन, त्यामुळे स्पिरिट, म्हणजे गाळून निघालेली न मुरलेली दारू, हलकं आणि फळांच्या अंगाने जाणारं निघतं, आणि असं स्पिरिट लाकडाची चव पटकन उचलतं. आपल्या विषयाचा सगळा पाया हाच आहे.

मग आयरिश व्हिस्कीचे वाईट दिवस आले. १८३० मध्ये एनीयस कॉफी या आयरिश अबकारी अधिकाऱ्यानेच सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं, डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी ती नाकारली आणि स्कॉटलंडवाल्यांनी उचलून ब्लेंडेड स्कॉचचा, म्हणजे माल्टमध्ये त्या भट्टीतली स्वस्त धान्याची व्हिस्की मिसळून केलेल्या स्कॉचचा बाजार उभा केला, वर आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध, अमेरिकेतली १९२० ते १९३३ ची दारूबंदी, १९३० च्या दशकातलं ब्रिटनशी व्यापारी भांडण, एकामागून एक. १९७० च्या दशकाच्या अखेरीला अख्ख्या बेटावर दोनच डिस्टिलऱ्या चालू होत्या, मिडलटन आणि बुशमिल्स. जुना आयरिश माल्ट इतका दुर्मिळ आणि महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे, तेव्हा साठवून ठेवायला फारसं कोणी उरलंच नव्हतं.

आता पिंपांकडे येऊ, मला सगळ्यात आवडणारा भाग. २१ साठीचा माल्ट किमान १९ वर्षं दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पिंपांत मुरतो, बर्बनच्या (अमेरिकेची मक्याची व्हिस्की) आणि ओलोरोसो शेरीच्या (स्पेनची गडद, कडक वाइन), मग दोन्ही एकत्र करून जवळपास दोन वर्षं मदिराच्या पिंपांत. बर्बनची पिंपं स्वस्त आणि भरपूर मिळतात कारण दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत नियम आला की बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवायची, म्हणजे एकदा वापरलेलं पीप त्यांच्या उपयोगाचं नाही, ते निघालं आयर्लंड-स्कॉटलंडला, व्हॅनिला आणि मध तिथून येतो. शेरी पूर्वी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळायची, पण १९८० च्या दशकात स्पेनने ती बाटलीबंदच पाठवायची असं ठरवल्यावर तो झरा आटला, म्हणून आता व्हिस्कीसाठी मुद्दाम शेरी भरून पिंपं तयार करून घेतात. आणि मदिरा ही पोर्तुगालच्या बेटावरची वाइन, हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांवर उष्ण समुद्रातून फिरून ती सुधारते असं लक्षात आलं, तेव्हापासून ती मुद्दाम उष्णतेत ठेवून करतात, तिचा तो भाजलेल्या साखरेसारखा आंबटगोडपणा लाकडात उतरतो.

पीप बदलून शेवट देण्याची ही फिनिशिंगची पद्धत तशी जुनी नाही, स्कॉटलंडमध्ये बालव्हेनी डिस्टिलरीच्या डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकात ती नीट बसवली आणि मग सगळीकडे पसरली. मला विचाराल तर बऱ्याच ठिकाणी फिनिश हा कमी वयावरचा रंग असतो, पण १९ वर्षं आधीच मुरलेल्या माल्टवर दोन वर्षं म्हणजे खरोखर विचार केलेलं काम आहे. टेस्टिंग करताना आधी पाणी न घालता घ्या, मग दोन-चार थेंब घाला, बर्फ अजिबात नको, बर्फाने वास दबतो आणि एवढ्या वर्षांची किंमत वासातच आहे.

अजून एक, बाटलीवरचं वय आतल्या सगळ्यात तरुण दारूचं असतं. २०२४ ला भरलेल्या बाटलीतलं स्पिरिट २००३ किंवा आधीचं, तेव्हा डिस्टिलरी पेर्नो रिकार्ड या फ्रेंच कंपनीकडे होती, २००५ ला डियाजिओ या ब्रिटिश कंपनीकडे गेली, आणि २०१५ पासून टकीलावाल्या क्वेर्वोकडे, म्हणजे ज्यांनी पिंपं भरली त्यांनी ती विकलीच नाहीत.

आपल्याकडे गोव्यात पॉल जॉन डिस्टिलरीवाले चांगला माल्ट करतात, पण तिथल्या उन्हात दर वर्षी आयर्लंडपेक्षा कितीतरी जास्त दारू पिंपातून उडून जाते, २१ वर्षं ठेवली तर फारसं काही हाती लागणार नाही, म्हणून तिथे कमी वर्षांतच काम होतं. खुद्द आयर्लंडमध्ये आता चाळीसच्या वर डिस्टिलऱ्या झाल्यात, पण बहुतेक गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या. डब्लिनची टीलिंग २०१५ ला उघडली, तिच्या स्वतःच्या भट्टीतला २१ वर्षांचा माल्ट २०३६ शिवाय येणार नाही, तोवर एवढं वय हवं असेल तर बहुतेक वेळा बुशमिल्सचा किंवा १९८७ ला स्थापन झालेल्या कूली डिस्टिलरीचाच जुना साठा शोधावा लागतो.