ग्लोव्ह बॉक्समधलं पिस्तूल: ना सुरक्षित, ना हाताशी

परवान्याचं पिस्तूल प्रवासात ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली ठेवलं की ते सुरक्षितही राहतं आणि हाताशीही, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून थांबली, तरी आतली सैल वस्तू त्याच वेगाने पुढे जाते. सीटखालचं पिस्तूल तर नुसत्या करकचून ब्रेकनेही घसरून पेडलखाली येऊ शकतं. मग एक डोळा रस्त्यावर ठेवून ते चाचपडताना बोट नेमकं ट्रिगरला लागतं. खरा धोका तिथे आहे. ग्लोव्ह बॉक्सपर्यंत जायला बेल्ट ताणून वाकावं लागतं, आणि त्याचं तकलादू कुलूप साध्या स्क्रूड्रायव्हरने उचकटतं. डॅशबोर्डखाली चुंबकाने चिकटवायची टूम त्याहून वाईट: ट्रिगर उघडाच!

ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) अंगावर, नाहीतर सीटच्या चौकटीला पोलादी केबलने जखडलेल्या लॉकबॉक्समध्ये, हे दोनच पर्याय मला पटतात. गाडीत मुलं असतील तर वाद नकोच, लॉकबॉक्स. अर्थात कायद्याला हे मान्य असेल तिथेच. काही ठिकाणी भरलेलं पिस्तूल गाडीत ठेवणं हाच गुन्हा आहे.